खर्रूब : सोन्याला ‘कॅरट’ देणाऱ्या झाडाचा बाजार

सराफ बांधवांच्या तोंडी ‘कॅरट’ हा शब्द दिवसातून किती वेळा येतो याची मोजदाद कोणी ठेवत नाही. २२ कॅरटची बांगडी, १८ कॅरटची अंगठी, अर्ध्या कॅरटचा हिरा. आता दुसरे टोक पाहा. आइस्क्रीमच्या डब्यावर मागच्या बाजूला बारीक अक्षरांत ‘स्टॅबिलायझर’ या शब्दापुढे काही आकडे छापलेले असतात. त्यांत पुष्कळदा ४१० हा आकडा सापडतो. सोन्याच्या कसाचा आणि आइस्क्रीमच्या घट्टपणाचा काय संबंध, असे कोणीही विचारील. संबंध आहे, आणि तो एका बीचा आहे. भूमध्य समुद्राच्या काठाने जंगलात आणि बागांत वाढणाऱ्या एका लहानसर सदाहरित झाडाची ही बी. अरबीत या झाडाला खर्रूब म्हणतात, तुर्कस्तानात त्याच्या शेंगेच्या आकारावरून ‘बकरीचे शिंग’ अशा अर्थाचे नाव आहे आणि इंग्रजीत ते कॅरोब या अरबीवरूनच गेलेल्या नावाने ओळखले जाते.

आपल्याकडे हे झाड व्यापारी पीक म्हणून नाही. तरीही त्याची हकिकत आपल्या व्यापारी आणि कारागीर वाचकांनी जाणून घेण्यासारखी आहे. राजस्थानची गवार, आपल्याकडचा चिंचोका आणि ही खर्रूबची बी, तिन्ही मालांचा डिंक निघतो आणि हे डिंक जगाच्या बाजारात एकमेकांसमोर उभे असतात. एकाचा भाव चढला की दुसऱ्याच्या दारात गिऱ्हाईक येते. गेल्या काही वर्षांत या बाजारात जी उलथापालथ झाली, ती पाहिली तर झाड लावणारा, शेंगा गोळा करणारा आणि बी दळणारा यांच्यापैकी भाव कोण ठरवतो हे स्पष्ट दिसते.

झाड आणि शेंग

मोरोक्को, अल्जीरिया, ट्युनिशिया, स्पेन, पोर्तुगाल, सिसिली, क्रीट, सायप्रस, तुर्कस्तान, लेबनॉन, पॅलेस्टाइन अशा मुलखांत, समुद्रापासून फार दूर नसलेल्या खडकाळ उतारांवर खर्रूब उभा असतो. रानटी जैतून आणि मस्तकीची झुडपे हे त्याचे शेजारी. उंची फार तर तीस-चाळीस फूट, बहुधा त्याहून बुटका, पण घेर मोठा. पाने चामड्यासारखी जाड आणि चकचकीत, वर्षभर हिरवी. पाऊस हिवाळ्यात पडतो, उन्हाळा कोरडा जातो, आणि तेवढ्यावर हे झाड शंभर वर्षे सहज काढते. कडाक्याची थंडी मात्र त्याला सोसत नाही. पारा शून्याच्या पाच-सात अंश खाली गेला की झाड करपते. म्हणूनच ते किनाऱ्याच्या पट्ट्यातून फारसे आत शिरलेले नाही.

हा चिंचेचा भाऊबंद आहे. दोन्ही शेंगधारी कुळातले. फरक असा की खर्रूबची फुले कोवळ्या फांदीवर न येता जुन्या लाकडातून फुटतात, तीही पावसाळा सरल्यावर आपल्याकडे ज्या दिवसांत दिवाळी येते त्या सुमारास. शेंग धरल्यापासून पिकायला जवळजवळ वर्ष लागते. त्यामुळे एकाच वेळी झाडावर पिकलेल्या शेंगा आणि पुढच्या सालाची फुले अशी दोन्ही दिसू शकतात. पिकलेली शेंग वीतभर लांब, तपकिरी-काळी, चपटी. तिचा गर चघळला तर गोड लागतो, कारण त्यात ४० ते ५० टक्क्यांपर्यंत साखर असते. गरात दहा-बारा बिया, दगडासारख्या कठीण आणि चकचकीत.

नर आणि मादी झाडे बहुधा वेगळी असतात. रोपावरून लावलेले झाड पुढे नर निघाले तर शेतकऱ्याची कित्येक वर्षे फुकट जातात. म्हणून मादी जातीचे कलम करण्याची रीत पूर्वापार आहे. कलम केले तरी शेंगा धरायला सहा-सात वर्षे लागतात, आणि भरघोस उत्पन्न त्याहून पुष्कळ पुढे. हा आकडा वाचकांनी लक्षात ठेवावा. पुढे भावाच्या गोष्टीत त्याचे काम पडणार आहे.

बी तराजूत गेली

ग्रीक लोक या शेंगेला ‘लहान शिंग’ अशा अर्थाने केरातिऑन म्हणत. तिच्या बीने सोने, मोती, औषधे असा किमती माल तोलला जाई. रोमन साम्राज्यात चौथ्या शतकाच्या सुरुवातीला बादशहा कॉन्स्टंटाइनने सोन्याचे नवे नाणे पाडले, सुमारे साडेचार ग्रॅम वजनाचे. त्याचा चोविसावा भाग म्हणजे ‘सिलिक्वा’, आणि सिलिक्वा हे खर्रूबच्याच शेंगेचे लॅटिन नाव. शुद्ध सोने २४ कॅरट का, २० किंवा १०० का नाही, याचे उत्तर या नाण्यात आहे. नाण्याचे चोवीसच्या चोवीस हिस्से सोने असेल तर २४ कॅरट. बावीस हिस्से सोने आणि दोन हिस्से तांबे-चांदी असेल तर २२. आजचा ९१६ चा शिक्का म्हणजे हेच २२ भागिले २४.

ग्रीक शब्द अरबीत आला तो ‘कीरात’ होऊन. हिजरी ७७ च्या सुमारास, म्हणजे इ.स. ६९६-९७ मध्ये, खलीफा अब्दुल मलिक बिन मरवान यांनी सव्वाचार ग्रॅमच्या आसपास वजनाचा इस्लामी दीनार पाडला. त्याचा कीरात कोठे विसावा हिस्सा, कोठे चोविसावा, असा मुलुखागणिक हिशेब वेगळा होता. जनाजाच्या नमाजीच्या सवाबाबद्दलच्या हदीसमध्ये कीरात हा शब्द येतो, तो आपल्या वाचकांनी अनेकदा ऐकला असेल. बाजारातले नेहमीचे माप तेथे उहुद पहाडाएवढे करून दाखवले आहे. इजिप्तमध्ये हा शब्द अजून जमिनीच्या व्यवहारात जिवंत आहे. तेथील एक फद्दान म्हणजे ४,२०० चौरस मीटर, आणि त्याचे २४ कीरात पडतात. वारसांमध्ये शेताची वाटणी होते ती कीरातानेच.

आता एक गैरसमज दूर करायला हवा. खर्रूबच्या सगळ्या बिया वजनाला अगदी सारख्या असतात, म्हणूनच त्या वजनाला निवडल्या गेल्या, असे पुस्तकांतून आणि सराफ बाजारातल्या गप्पांतून सर्रास सांगितले जाते. २००६ साली झुरिक येथील संशोधकांनी या बिया खरोखरच एकेक करून तोलल्या आणि इतर कित्येक झाडांच्या बियांशी ताडून पाहिल्या. खर्रूबची बी त्यांच्याइतकीच लहानमोठी निघते, असे त्यांना आढळले. मग व्यवहार चालला कसा? माणसाच्या नजरेने. सवयीचा माणूस मूठभर बियांतून फार मोठ्या आणि फार बारीक बिया बाजूला काढतो आणि सारख्या दिसणाऱ्या तेवढ्या ठेवतो. बी एकसारखी नव्हती, निवडणारा हात सराईत होता.

आपल्या सोनारांची गुंज आठवा. ८ गुंजांचा मासा, १२ माशांचा तोळा. ११.६६ ग्रॅमच्या तोळ्यात ९६ गुंजा, म्हणजे एक गुंज सुमारे १२१ मिलिग्रॅम. गुंजाही काही साच्यातून काढलेल्या नसतात. जुने सोनार त्या निवडूनच पेटीत ठेवत आणि दोन पेढ्यांच्या गुंजांत फरक पडला की तंटे होत. कॅरटचेही तेच झाले होते. लंडनचा कॅरट वेगळा, फ्लॉरेन्सचा वेगळा, कैरोचा आणखी वेगळा. हिऱ्याच्या धंद्यात हा फरक महागात पडू लागला तेव्हा १९०७ च्या आंतरराष्ट्रीय वजनमाप परिषदेत कॅरट २०० मिलिग्रॅम असा कायम झाला. त्या दिवसापासून बी तराजूतून कायमची उतरली, नाव मात्र राहिले.

तमर हिंदीच्या शेजारी

बी तराजूत असताना गर कोठे जात होता? मुख्यतः जनावरांच्या पोटात, आणि गरिबाच्याही. दुसऱ्या महायुद्धात क्रीटसारख्या बेटांवर धान्य मिळेनासे झाले तेव्हा लोकांनी खर्रूब दळून पीठ केले आणि दिवस काढले. म्हणून त्या पिढीतल्या कित्येकांना पुढे ही शेंग नकोशी झाली होती. दुष्काळात खाल्लेल्या सुकडीविषयी आपल्याकडच्या जुन्या माणसांची जी भावना, तीच.

पूर्वेकडे मात्र तिचा मान टिकून आहे. इजिप्तमध्ये रमजानच्या दिवसांत इफ्तारच्या सुमारास खर्रूबचे थंड शरबत विकले जाते. शेंगांचे तुकडे साखरेबरोबर भाजून, भिजवून, उकळून गाळतात. रंग गडद तपकिरी आणि चव किंचित तुरट. विकणाऱ्याच्या गाडीवर शेजारच्याच भांड्यात ‘तमर हिंदी’ असते. तमर हिंदी म्हणजे हिंदुस्थानची खजूर, अर्थात आपली चिंच. लेबनॉनमध्ये शेंगांचा काढा आटवून काकवीसारखा ‘दिब्स’ करतात आणि तिळाच्या ताहिनीत मिसळून भाकरीबरोबर खातात. बैरूतच्या दक्षिणेकडच्या एका टापूचे नावच इक्लीम अल्-खर्रूब, म्हणजे खर्रूबचा मुलूख, असे आहे. तुर्कस्तानातही असाच पाक निघतो. आपल्या युनानी हकिमांच्या यादीत ‘खर्नूब शामी’ आहे तो हाच. पोट आवळायला तो देत असत.

एक रिवायत तफसीरच्या ग्रंथांत येते. हजरत सुलैमान अलैहिस्सलाम यांच्या इबादतीच्या जागी एक झाड उगवले. नाव विचारता ते ‘खर्रूबा’ म्हणाले, आणि त्यांनी त्यावरून खराबी, म्हणजे उजाड होण्याची वेळ, ओळखली. रिवायतीच्या सनदीबद्दल उलेमांनी शंका घेतलेली आहे. पण शब्दांचा हा मेळ अरबी बोलणाऱ्यांच्या कानाला पूर्वीपासून जाणवत होता एवढे त्यातून कळते.

सायप्रसमध्ये या शेंगेला ‘काळे सोने’ म्हणत. बेटाच्या किनाऱ्यावर दगडी वखारी बांधलेल्या होत्या; डोंगरातून गाढवांवर आलेल्या शेंगा तेथे तोलून जहाजात भरल्या जात. झिगी नावाचे किनाऱ्यावरचे गाव तर तोलण्याच्या जागेवरूनच नाव पडलेले. माल प्रामुख्याने युरोपात जनावरांच्या खाद्यासाठी जाई. त्या काळी व्यापाऱ्याचा सारा हिशेब गराचा होता. जाडजूड, गोड, मांसल शेंग म्हणजे उत्तम माल. स्पेन-पोर्तुगालच्या शेतकऱ्यांनी पिढ्यान्पिढ्या अशाच जाती निवडून कलमे बांधली.

दहा किलोने नव्वद किलोंना मागे टाकले

विसाव्या शतकात हा हिशेब उलटा झाला. बी फोडली तर आत तीन थर मिळतात. वरचे टरफल, मधला पांढुरका गर आणि अगदी आत पिवळा कोंब. मधला थर बीच्या वजनाच्या ४० ते ४५ टक्के भरतो. टरफल काढायचे दोन मार्ग आहेत, तेजाबाने किंवा भाजून. भाजलेल्या मालाचा रंग जरा मळकट येतो, तेजाबाचा पांढरा. मग बी दुभंगून कोंब वेगळा करायचा आणि राहिलेली पाकळी दळायची. हे पीठ म्हणजेच खर्रूबचा डिंक, व्यापारी भाषेत लोकस्ट बीन गम, आणि डब्यावरचा ४१० क्रमांक याचाच.

पाण्यात थोडेसे घालून ८०-८५ अंशांपर्यंत तापवले की हे पीठ पाणी धरून ठेवते. आइस्क्रीम दुकानातून घरी नेताना अर्धवट वितळते आणि पुन्हा गोठते, तेव्हा त्यात बर्फाचे कडक खडे होतात. हा डिंक ते होऊ देत नाही. मऊ चीज, सॉस, लहान बाळांचे दूध उलटू नये म्हणून केलेली दुधाची पावडर, कापडछपाईची खळ, अशा कितीतरी ठिकाणी त्याला मागणी आहे. शिवाय तो वनस्पतीजन्य. जनावरांच्या हाडा-कातड्याच्या जिलेटिनविषयी ज्यांना शंका असते अशा गिऱ्हाइकांसाठी माल तयार करणाऱ्यांना ही बाब सोयीची पडते.

आता आकडे मांडू. १०० किलो शेंगांत बागायती जातींची बी सुमारे १० किलो. त्यातून डिंक फार तर ४ किलो. म्हणजे ९० किलो गर एका बाजूला आणि १० किलो बी दुसऱ्या बाजूला. आणि शेंगेच्या भावाचा मोठा हिस्सा हे १० किलोच ठरवू लागले. शेंगा फोडणारा कारखानदार माल घेताना आता आधी विचारतो, बी किती टक्के? पिढ्यान्पिढ्या निवडलेल्या मांसल जातींत बीचे प्रमाण कमी. उलट मोरोक्कोच्या डोंगरांतल्या रानटी झाडांच्या शेंगा पातळ, गर जेमतेम, पण बीचे प्रमाण १५ ते २० टक्क्यांपर्यंत. ज्या शेंगेला जुना व्यापारी हलका माल म्हणून बाजूला टाकत असे, ती वरचढ ठरली. मोरोक्को आज या बियांच्या बाजारात पहिल्या रांगेत आहे, त्याचे हे एक मोठे कारण.

धंद्यातल्या माणसाने येथे थोडे थांबून विचार करावा. झाडाने काहीही बदल केला नाही, जमीन तीच, पाऊस तोच. बदलला तो खरेदीदाराचा मापदंड, आणि तोही दूरच्या शहरातल्या आइस्क्रीमच्या कारखान्यात. कष्टाने जपलेली मांसल कलमांची बाग असलेला शेतकरी मागे पडला आणि ज्याने काहीच निवडले नव्हते तो पुढे गेला. यात कोणाचा दोष काढता येत नाही, पण माल जेथे फुटतो आणि दळला जातो तेथेच भाव ठरतो, हे यातून दिसल्याशिवाय राहत नाही. शेंगा झोडणाऱ्या कुटुंबाला किलोमागे भाव मिळतो तो अख्ख्या शेंगेचा. तिच्यात डिंक किती निघेल हे मोजण्याचे साधन त्याच्यापाशी नसते.

गवार आणि चिंचोका

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात भूमध्य समुद्राचे मार्ग बंद झाले आणि अमेरिकेतल्या कागद व कापड कारखान्यांना खर्रूबचा डिंक मिळेना. पर्याय शोधता शोधता नजर गेली ती गवारीवर, जिची कोवळी शेंग आपण भाजीला वापरतो. गवारीच्या बीच्या आतही असाच डिंकाचा थर असतो. रचना जवळची, पण एकच नाही. दोन्हींत मॅनोज आणि गॅलॅक्टोज या दोन साखरांची साखळी असते. खर्रूबमध्ये चारास एक असे प्रमाण, गवारीत दोनास एक. त्यामुळे गवारीचा डिंक थंड पाण्यातही फुगतो, तर खर्रूबचा तापवावा लागतो. उलट काही समुद्री शेवाळांच्या अर्काबरोबर खर्रूबचा डिंक जेलीसारखा आवळून येतो, तसा गवारीचा येत नाही. आज जगातल्या गवारीचा फार मोठा हिस्सा हिंदुस्थानात, मुख्यतः राजस्थानात पिकतो.

त्याच युद्धाच्या दिवसांत आपल्याकडच्या कापड गिरण्यांना सुताच्या कांजीसाठी लागणारा स्टार्च महाग झाला आणि चिंचोक्याचे पीठ कारखान्यांत शिरले. घरगुती कामात ते आधीपासून होतेच. घोंगडी विणणारे सणगर आणि धनगर आजही घोंगडीला चिंचोक्याची खळ देतात. बार्शी, लातूर, अहिल्यानगर या चिंचेच्या बाजारपेठांत फोडलेल्या चिंचेबरोबर चिंचोक्याचाही स्वतंत्र सौदा होतो. जपानमध्ये तर चिंचोक्याचा शुद्ध केलेला डिंक खाद्यपदार्थांत कित्येक वर्षांपासून वापरतात. भिवंडी-मालेगावच्या सायझिंगवाल्यांना कांजीचे मोल नव्याने सांगायला नको. धाग्याला ताकद देणारी कांजी कोणत्या बीची, एवढाच काय तो फरक.

चिंच आणि खर्रूब यांची कहाणी येथे मिळतीजुळती होते. दोन्हींत गर आधी विकला गेला, बी नंतर. आपल्याकडे मात्र चिंच फोडणाऱ्या बाईला चिंचोक्याच्या पिठाचा भाव काय, हे विचारूनही सांगता येत नाही.

भाव चढले तेव्हा

२०२१ आणि २०२२ मध्ये खर्रूबच्या बियांचा भाव पूर्वीच्या कित्येक पट वर गेला. मागणी वाढलेली, पीक कमी, आणि झाड असे की आज लावले तर सहा-सात वर्षांनी शेंग देणार. गवारीचे तसे नसते. भाव दिसला की पुढच्या पावसाळ्यात शेतकरी दुप्पट पेरा करतो आणि तीन-चार महिन्यांत माल हजर. खर्रूबच्या मालकाला ती सोय नाही. सुकी बी मात्र वर्षानुवर्षे टिकते. त्यामुळे ज्याच्याकडे गोदाम आणि पैसा, त्याने तेजीत माल धरून ठेवला आणि टंचाई आणखी वाढली.

स्पेन आणि पोर्तुगालच्या शेतांतून शेंगांच्या चोऱ्या सुरू झाल्या. आजवर ज्या झाडाखाली सडलेल्या शेंगा डुकरांना घालत, त्या झाडांना राखणदार बसवावे लागले. पोलिसांना चोरीच्या मालाच्या खरेदीदारांवर नजर ठेवावी लागली. काही शेतकरी तर शेंगा पुरत्या पिकण्याआधीच उतरवू लागले. चोराच्या भीतीने कच्चा माल काढला की वजन घटते आणि पुढच्या वर्षाचा मोहोरही काठीने झडतो, कारण जुनी शेंग आणि नवे फूल एकाच लाकडावर असतात.

तेजी टिकली नाही. डिंक परवडेना तेव्हा आइस्क्रीम आणि चीजवाल्यांनी कृती बदलल्या. कोणी गवारीकडे वळले, कोणी पेरू देशातल्या तारा नावाच्या झाडाच्या डिंकाकडे, कोणी दोन-तीन डिंकांचे मिश्रण करू लागले. नंतर बियांचे भाव घसरले, पण कृती एकदा बदलली की कारखानदार लगेच परत येत नाही. त्याला पुन्हा चाचण्या, पुन्हा छापील डबे, पुन्हा मंजुरी.

आपल्या वाचकांना २०१२ ची गवार आठवत असेल. अमेरिकेत जमिनीखालचे तेल आणि वायू काढण्याच्या नव्या पद्धतीला गवारीचा डिंक मोठ्या प्रमाणावर लागू लागला, आणि जोधपूरच्या बाजारात गवारीच्या बीने क्विंटलला ३०,००० रुपयांच्या आसपास मजल मारली. मार्च २०१२ मध्ये वायदा बंद करावा लागला. तो सुरू झाला मे २०१३ मध्ये. तोवर शेतकऱ्यांनी पेरा वाढवला होता आणि तेलवाल्यांनी पर्याय शोधले होते. शिखरावर माल भरून ठेवलेल्यांची पुढे काय अवस्था झाली, हे त्या धंद्यातल्या कोणालाही विचारावे.

भेसळ आणि शुद्धता

महाग माल तेथे भेसळ हा अनुभव सर्वत्रचा. खर्रूबच्या डिंकात स्वस्त गवार डिंक मिसळला तर डोळ्यांना किंवा बोटांना कळत नाही. प्रयोगशाळेत दोन साखरांचे प्रमाण मोजून किंवा बीजाची आनुवंशिक खूण तपासून ते उघड होते. गिऱ्हाइकाला जरूर तर मिश्रण द्यावे, पण मिश्रण म्हणूनच.

याहून मोठा फटका २०२१ च्या उन्हाळ्यात बसला. तुर्कस्तानातून गेलेल्या खर्रूब डिंकाच्या काही मालात एथिलीन ऑक्साइड या जंतुनाशक वायूचा अंश सापडला. युरोपात खाद्यपदार्थ निर्जंतुक करायला तो चालत नाही. जुलै २०२१ मध्ये युरोपीय देशांनी ठरवले की असा डिंक वापरून केलेला माल, अंश कितीही थोडा असो, बाजारातून परत घ्यायचा. ऐन उन्हाळ्यात आइस्क्रीमचे लाखो डबे दुकानांतून काढले गेले. डब्यात डिंक चिमूटभर, परत आला अख्खा डबा.

हे आपल्याला परके वाटू नये. त्याआधी वर्षभर, सप्टेंबर २०२० मध्ये, याच वायूचा अंश हिंदुस्थानातून गेलेल्या तिळात सापडला होता आणि तीळ निर्यातदारांवर तपासणीचा ससेमिरा लागला. २००७ मध्ये हिंदुस्थानातूनच गेलेल्या गवार डिंकात पेंटाक्लोरोफेनॉल आणि डायॉक्सिन ही विषारी द्रव्ये निघाली, आणि पुढच्या वर्षापासून युरोपात जाणाऱ्या प्रत्येक खेपेबरोबर तपासणीचा दाखला सक्तीचा झाला. दोष एका ठिकाणी झाला, दाखल्याचा खर्च साऱ्या धंद्याने सोसला. लहान निर्यातदाराला तो जड जातो. आपल्या बांधवांपैकी जे मसाले, तीळ, डिंक किंवा चिंचोका पावडर बाहेर पाठवतात त्यांनी माल कोठे साठवला जातो, धुरी कशाची देतात आणि कंटेनर कशाने धुतला, हे लेखी मागून घ्यावे. दलालाच्या तोंडी भरवशावर हा भाग सोडू नये.

आता पुन्हा गराकडे

मार्च २०२४ मध्ये कोकोचा भाव टनाला १०,००० डॉलरच्या वर गेला. चॉकलेटवाल्यांची धावपळ सुरू झाली आणि भाजून दळलेल्या खर्रूबच्या गराचे नाव पुन्हा ऐकू येऊ लागले. त्याचा रंग आणि गोडवा चॉकलेटच्या जवळचा असतो, कॅफिन नसते, साखर अंगचीच असते. चव मात्र वेगळी; ज्याने खरे चॉकलेट खाल्ले आहे त्याला फसवता येत नाही. तरीही बिस्किटे, केक, गोळ्या यांत तो मिसळता येतो. म्हणजे ज्या नव्वद टक्क्यांना खरेदीदार फक्त खाद्य म्हणून बघत होता त्यांना माणसाच्या खाण्यात जागा होऊ शकेल, आणि स्पेन-पोर्तुगालच्या मांसल कलमांना पुन्हा दिवस येतील असे तेथील बागाइतदारांना वाटू लागले आहे. ही आशा किती टिकेल, हा प्रश्न त्यांच्यासमोर आहेच.

दरम्यान तेजीच्या वर्षांत तेथे कलमांना मोठी मागणी आली होती. मोरोक्कोनेही २००८ पासून फळझाडांच्या लागवडीला जी सरकारी चालना दिली त्यात खर्रूब आहे. २०२१-२२ मध्ये लावलेली कलमे या दशकाच्या शेवटी शेंगा धरू लागतील आणि बाजारात बियांची आवक वाढेल. गवारीच्या आणि चिंचोक्याच्या धंद्यात जे आहेत त्यांनी दरवर्षी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, भूमध्य किनाऱ्यावर लांब काठ्यांनी शेंगा झोडल्या जातात त्या दिवसांत, तिकडच्या पिकाची चौकशी करून ठेवावी. गवारीची काढणी आपल्याकडे त्यानंतर महिन्या-दीड महिन्यात सुरू होते, आणि सौदे बांधायचे असतात ते त्याच मधल्या काळात.